खवटपणाची भीती

अँटिऑक्सिडंट ही चीज पहिल्यांदा माणसाच्या पोटात गेली नाही. ती रबरात गेली, पेट्रोलात गेली, डब्यात भरलेल्या चरबीत गेली. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी अ‍ॅक्रोलीन नावाचा डोळ्यांना झोंबणारा द्रव वापरून पाहिला, पण तो साठवून ठेवला की आपोआप घट्ट होऊन निकामी व्हायचा. शार्ल मुरो आणि शार्ल द्युफ्रेस या रसायनशास्त्रज्ञांना आढळले की हायड्रोक्विनोनसारखा पदार्थ नाममात्र मिसळला तरी हा द्रव टिकतो. हवेतल्या ऑक्सिजनने बिघडणाऱ्या इतर कितीतरी मालाला असेच वाचवता येते, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले. टायर तडकू नयेत, साठवलेल्या पेट्रोलात चिकट राळ धरू नये, चरबीला वास लागू नये म्हणून कारखानदारांनी ही युक्ती लगेच उचलली. तिच्यामागचे कारण १९४०च्या दशकात ब्रिटनमधल्या रबर-संशोधकांनी नीट उलगडले. ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरला आहे असा रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल किंवा मुक्त मूलक, शेजारच्या मेदरेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. तो शेजारी मग स्वतःच मूलक बनतो, ऑक्सिजन पकडतो आणि पुढच्यावर झडप घालतो. जुन्या खोबऱ्याला आणि उघड्या राहिलेल्या शेंगदाण्याच्या तेलाला येणारा खवट वास बऱ्याच अंशी याच साखळीचा. साखळीत मध्येच उभा राहून स्वतः हायड्रोजन देऊन टाकणारा आणि पुढे कुणावर न धावणारा पदार्थ तो अँटिऑक्सिडंट. रसायन म्हणून यात आजही खोट नाही. खोट शिरली ती हे रसायन कारखान्यातून दवाखान्यात आणि तिथून व्यायामशाळेत नेताना, कारण त्याच्यासोबत एक चित्रही गेले: शरीर म्हणजे गोदामात ठेवलेला माल, जो हळूहळू खवट होत जातो. व्यायाम करणाऱ्यांनी व्हिटॅमिन सी आणि ई यांच्या मोठ्या गोळ्या घ्याव्यात ही चाल या चित्रावर उभी राहिली. आणि माझे म्हणणे असे की हे चित्र चुकीचे आहे हे सांगणारा पुरावा उशिरा मिळाला नाही; तो जवळजवळ पहिल्या दिवसापासून समोर होता.

ऑक्सिजनची भीती मात्र गोळ्यांपेक्षा पुष्कळ जुनी, आणि निराधारही नव्हती. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७०च्या दशकात हा वायू वेगळा केला तेव्हाच त्यांच्या मनात शंका आली होती की मेणबत्ती यात जशी भराभर जळते तसे निरोगी माणसाचे आयुष्यही लवकर जळून जाईल. पॉल बेर यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाबाखालच्या ऑक्सिजनने प्राण्यांना झटके येतात हे दाखवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माक्स रुबनर यांनी आणि १९२८ साली रेमंड पर्ल यांनी मांडले की शरीराची ऊर्जा जितक्या वेगाने खर्च होते तितके आयुष्य आखूड. मग आली ती खरी शोकांतिका. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या आणि इतरत्रच्या चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांची बाळे आंधळी होऊ लागली. गरीब रुग्णालयांत मात्र तसे फारसे घडत नव्हते. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली बोट ठेवले ते काचपेटीत सढळ हाताने सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर, आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीने ते खरे ठरवले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली होती. असे का व्हावे याचे रासायनिक उत्तर १९५४ साली रॉचेस्टर विद्यापीठात काम करणाऱ्या रेबेका गेर्शमन यांनी दिले. अर्जेंटिनाच्या या विदुषीने डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांसोबत दाखवले की ऑक्सिजनचे विष आणि क्ष-किरणांची इजा यांचा मार्ग एकच आहे, आणि तो मुक्त मूलकांमधून जातो. या विषयाचा इतिहास सांगताना त्यांचे नाव अनेकदा गाळले जाते, आणि त्यांच्या जागी दोनच वर्षांनी आलेल्या एका पुरुषाचे नाव घेतले जाते.

ते नाव डेन्हम हार्मन. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी हार्मन शेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट मला त्यांच्या सिद्धान्ताइतकीच महत्त्वाची वाटते. १९५६ साली त्यांनी मांडले की म्हातारपण म्हणजे शरीरात आयुष्यभर साचत गेलेली मूलकांची नासधूस. पुढे त्यांनी उंदरांच्या खाण्यात जे पदार्थ मिसळले त्यांत बीएचटीही होते, म्हणजे चरबी आणि रबर टिकवण्यासाठी कारखान्यात वापरले जाणारेच रसायन. काही प्रयोगांत उंदरांचे सरासरी आयुष्य वाढले. सर्वांत दीर्घायुषी उंदराचे आयुष्य मात्र जवळजवळ होते तिथेच राहिले. तेलाच्या डब्यात असे होत नाही. तिथे जितके अँटिऑक्सिडंट घालावे तितका खवटपणा बऱ्याच मर्यादेपर्यंत पुढे ढकलता येतो. हार्मन यांनी १९७२ साली याचा उलगडा असा केला की खरे घड्याळ पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांत आहे आणि गोळीतले औषध तिथवर पोचत नाही. मधल्या काळात, १९६९ साली, ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले की रक्तपेशींतले एक तांबेयुक्त प्रथिन सुपरऑक्साइड या मूलकाला विलक्षण वेगाने निकालात काढते. हे प्रथिन नवे नव्हते. केंब्रिजमध्ये मॅन आणि केलिन यांनी ते १९३८ सालीच वेगळे केले होते; ते करते काय, हे तीस वर्षे कुणाला माहीत नव्हते. (त्याच सुमारास त्याच गावात कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडते हे सिद्ध करत होत्या. श्वसनाच्या ज्या साखळीतून इलेक्ट्रॉन निसटून सुपरऑक्साइड तयार होते तिचीच ही एक कडी. मराठी वाचकाने एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.) ड्यूकमधल्या शोधाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येत होता. एक, शरीराला मूलकांचा इतका धोका आहे की त्याने खास पहारेकरी नेमला. दोन, पहारेकरी आधीच नेमलेला आहे आणि तो कुठल्याही गोळीपेक्षा फार चपळ आहे. पुढची पंचवीस वर्षे पहिलाच अर्थ गाजला.

व्यायामाचा संबंध आला १९७८ साली. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅल टॅपल यांच्या गटाने सायकल चालवणाऱ्या माणसांच्या उच्छ्वासात पेंटेन हा वायू मोजला. मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण झाले की तो सुटतो. व्यायामाने तो वाढला, आणि व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत कमी राहिला. १९८२ साली बर्कलीत केल्विन डेव्हिस, अलेक्सांद्रे किंतानिल्या, जॉर्ज ब्रूक्स आणि लेस्टर पॅकर यांनी दमून कोसळेपर्यंत धावलेल्या उंदरांच्या स्नायूंत आणि यकृतात मूलकांचा संकेत थेट मोजला. तो दुपटी-तिपटीने वाढलेला होता. याला एका साध्या हिशेबाची जोड मिळाली. जोरदार व्यायामात शरीर विश्रांतीच्या दहा-वीस पट ऑक्सिजन वापरते. ब्रिटन चान्स आणि आल्बेर्तो बोव्हेरिस यांनी १९७०च्या दशकात प्रयोगनळीतल्या मायटोकाँड्रियांवरून काढलेला एक आकडा तेव्हा सर्वत्र फिरत होता: वापरलेल्या ऑक्सिजनातला एक-दोन टक्के भाग मूलकांच्या वाटेला जातो. दोन्हींचा गुणाकार केला की धावपटूचे शरीर म्हणजे भट्टीच. पण तो आकडा नळीतल्या खास परिस्थितीचा होता. मायटोकाँड्रिया जोरात कामाला लागल्या की त्यांच्यातून गळती उलट घटते, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूतले बरेचसे सुपरऑक्साइड मुळात मायटोकाँड्रियांतून येतच नाही. स्नायूकडे ते मुद्दाम तयार करणारी वेगळी एन्झाइमे आहेत. प्रत्यक्षात वाढ होते ती काही पटींची. शिवाय त्या काळची जवळजवळ सगळी मोजमापे मूलकांची नव्हतीच. ती मूलकांनी मागे टाकलेल्या मोडतोडीची होती. पेंटेन किंवा मॅलॉनडायअल्डिहाइड मोजणाऱ्याला नासाडीच दिसणार. मूलकांनी एखादे उपयोगी काम केले असेल तर त्याची नोंद करायला कुणाकडे उपकरण नव्हते.

तरीही डोळे उघडे ठेवणाऱ्याला ती नोंद सापडत होतीच. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही मुलांचे वर्णन केले होते, ज्यांना साध्या जंतूंचे गळू पुन्हापुन्हा होत. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळायच्या, पण मारू शकायच्या नाहीत. १९७३ साली बर्नार्ड बॅबियर यांनी दाखवले की निरोगी पांढऱ्या पेशी जंतूंना मारताना सुपरऑक्साइडचा मारा करतात. या मुलांच्या पेशींत तोच बंद होता. मूलके तयार न होणे हा तिथे प्राणघातक आजार होता. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या एका अज्ञात पदार्थाची चाहूल घेतली आणि १९८७ पर्यंत तो नायट्रिक ऑक्साइड निघाला, म्हणजे पुन्हा एक मूलक. त्यावर १९९८ सालचे नोबेल पारितोषिक दिले गेले. १९९३ साली मायकेल रीड यांनी प्राण्यांच्या श्वासपटलाच्या स्नायूत पाहिले की न थकलेल्या स्नायूतून ही ऑक्सिजनजन्य द्रव्ये काढून टाकली तर त्याचा जोर वाढत नाही, कमी होतो. आणि सर्वांत बोलका पुरावा १९८२च्या त्याच निबंधात होता जो गोळ्यांच्या बाजूने हजारदा दाखवला गेला. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्यात शक्यता नोंदवली होती की नेमाने व्यायाम केल्यावर स्नायूत नव्या मायटोकाँड्रिया तयार होतात त्याची सुरुवात कदाचित या मूलकांमुळेच होत असावी. निबंधाचा अर्धा भाग बाजारात गेला; उरलेला अर्धा कपाटात राहिला.

असे का झाले, याचे उत्तर केवळ व्यापाऱ्यांच्या माथी मारणे मला सोपे वाटते. लायनस पॉलिंग यांनी १९७० साली व्हिटॅमिन सीचा झेंडा उभारला तेव्हा ते दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी होते, औषधविक्रेते नव्हते. धावण्याला आणि एरोबिक्सला अमेरिकेत घराघरांत नेणारे डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९९४ साली अँटिऑक्सिडंट क्रांतीची हाक देणारे पुस्तक लिहिले, आणि त्यांचा हेतू व्यायाम करणाऱ्यांचे भले हाच होता. भाज्या-फळे खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो हेही निरीक्षण खरे होते. रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘नेचर’मध्ये त्याचे श्रेय बीटा-कॅरोटीनला द्यावे का असे विचारले तेव्हा शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले होते. त्या प्रश्नाची उत्तरे क्रूर आली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, १९९४ साली, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८ हजारांहून अधिक लोकांवर चाललेली चाचणी १९९६च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए मिळालेल्या गटात हीच वाढ २८ टक्के होती. फिनलंडच्याच आकड्यांत व्हिटॅमिन ईच्या गटात प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसला म्हणून ३५,५३३ पुरुषांची आणखी एक चाचणी सुरू झाली, आणि २०११ साली तिचा निकाल सांगून गेला की एकट्या व्हिटॅमिन ईने तो कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला. मेंदूच्या पक्षाघातावर मूलके टिपणारे एनएक्सवाय-०५९ हे औषध पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दाखवून दुसरीत आपटले. गोदामातल्या मालाच्या चित्रात या कशालाही जागा नाही. फार तर औषध निरुपयोगी ठरायला हवे होते. उलटे पडण्याचे कारण नव्हते.

व्यायामाच्या बाजूला हा उलटा परिणाम स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आणि जर्मनीतल्या येना शहरात नजरेस आला. व्हॅलेन्सियाच्या गटाने २००८ साली दाखवले की व्हिटॅमिन सी दिलेल्या उंदरांत प्रशिक्षणाने दम वाढायला हवा तसा वाढत नाही. २००९ साली मायकेल रिस्टो यांनी चाळीसेक तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिले. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. घेणाऱ्यांची सुधारली नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की शरीराच्या स्वतःच्या संरक्षक एन्झाइमांची निर्मितीही गोळ्या न घेणाऱ्यांतच वाढली. व्यायामाने सुटलेली मूलके स्नायूला निरोप देत होती की बंदोबस्त वाढव. गोळीने तो निरोप पोचण्याआधीच पुसला. नॉर्वेत २०१४ साली ११ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर स्नायूंच्या नमुन्यांत असाच प्रकार आढळला: मायटोकाँड्रियांच्या वाढीच्या खुणा गोळ्या घेणाऱ्यांत दबलेल्या होत्या.

यावर जाणता माणूस लगेच म्हणेल की हे प्रयोग लहान आहेत आणि एकमुखी नाहीत. बरोबर आहे. कोपनहेगनमध्ये २०१० साली १२ आठवडे चाललेल्या अशाच प्रयोगात दोन्ही गट सारखेच सुधारले. नॉर्वेतही स्नायूत फरक दिसला तरी धावण्याच्या दमात, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेत, फरक पडला नाही. म्हणून गोळीने व्यायाम पाण्यात जातो असे सरसकट म्हणणे हीही अतिशयोक्ती, आणि आरोग्याच्या पुरवण्या ती हौसेने करतात. पण सिद्ध करण्याचा भार कुणावर आहे ते पाहावे. गोळी घ्या असे सांगणाऱ्याने फायदा दाखवायचा असतो. स्नायूंच्या दुखण्यावर तरी अँटिऑक्सिडंटचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी २०१७ साली पन्नास चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि जाणवण्याजोगा फरक निघाला नाही. सर्वांत अनुकूल निष्कर्षही ‘काही बिघडत नाही’ एवढाच असेल, तर त्यावर एक चाल कशी टिकावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अँटिऑक्सिडंट काही ठिकाणी निर्विवाद उपयोगी पडते. पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्या रुग्णाला अ‍ॅसिटिलसिस्टीन दिले जाते आणि त्याचे यकृत वाचते. डोळ्याच्या पडद्याच्या वार्धक्यातल्या आजारात, तो मध्यम पायरीला असेल तर, जस्त आणि व्हिटॅमिनांच्या ठरावीक मिश्रणाने तो बळावण्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटतो हे २००१ साली दिसले. मॅरेथॉन धावपटू, स्की करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा ५९८ जणांवरच्या पाच चाचण्यांत व्हिटॅमिन सीने सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. सामान्य लोकांत ते घटत नाही. ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाहीत असे मी म्हणतो ते यासाठी की त्यांत खवटपणाचा सिद्धान्त कुठेच कामाला येत नाही. पॅरासिटामॉलच्या विषाने यकृतातला ग्लुटाथायोन या शरीराच्याच अँटिऑक्सिडंटचा साठा संपतो आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन तो भरून काढते. कुठे, काय, किती कमी पडले हे तिथे ठाऊक असते. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा हेल्मुट झीस यांनी १९८५ साली रूढ केली तीही तोल ढळण्याच्या अर्थाने. तोल कुठल्या बाजूला ढळला आहे हे पाहिल्याशिवाय एका पारड्यात वजन टाकत राहणे हा त्या संज्ञेचाच अनादर आहे. भाज्या-फळांचा आक्षेपही इथेच मिटतो. पालेभाजी खाणाऱ्याच्या पोटात बीटा-कॅरोटीन जाते तसे आणखी शेकडो पदार्थ जातात, तो बहुधा कमी विड्या ओढतो, आणि त्या पदार्थांतले काही तर पेशीला किंचित डिवचून तिचीच संरक्षक एन्झाइमे वाढवतात. प्रयोगनळीत मूलके टिपण्याच्या क्षमतेवरून खाद्यपदार्थांना गुण देणारा तक्ता अमेरिकी कृषिखात्याने २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या गुणांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि उत्पादक त्यांची जाहिरात करत सुटले होते.

अलीकडे काही संशोधक प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारू लागले आहेत. ग्रीसमधल्या एका गटाने शंभर पुरुषांच्या रक्तातले व्हिटॅमिन सी आधी मोजले, त्यांतले सर्वांत कमी असलेले दहा आणि सर्वांत जास्त असलेले दहा निवडले, आणि मग दोन्ही गटांना महिनाभर व्हिटॅमिन सीची तीच गोळी दिली. कमी असलेल्यांचा दम मुळातच कमी होता. गोळीने तो थोडा सुधारला आणि त्यांच्यातली मोडतोडीची लक्षणेही उतरली. भरपूर असलेल्यांना काही मिळाले नाही. ग्लुटाथायोनच्या बाबतीतही अशीच निवड करून केलेल्या प्रयोगात असाच निकाल आला. काही प्रशिक्षक आता हंगामाचेही दोन भाग करतात: शरीर घडवण्याच्या महिन्यांत गोळ्या नाहीत, आणि लागोपाठ सामने असतील त्या आठवड्यात, जेव्हा घडण्यापेक्षा सावरणे निकडीचे असते, तेव्हाच विचार. हेही पूर्ण सिद्ध झालेले नाही, पण निदान यात कुणाला काय कमी पडते आहे हे आधी पाहायचे असते.